निळ्या पट्टीची बाही

नवरात्र बसलं की माझ्या कानात अजून शिलाई मशीन सुरू होतं. खरंखुरं मशीन आता आसपास कुठंच नाही. बुलढाण्यातल्या आमच्या कॉलनीत लोक कपडे मोबाइलवर मागवतात आणि बसले नाहीत तर परत पाठवतात. पण सकाळची हवा कोरडी झाली, गच्चीवर टाकलेली साडी बघता बघता कडक वाळली, चिखली रस्त्यानं कापसाची पहिली गाडी गेली आणि रस्त्याकडच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकले, की ते मशीन सुरू होतंच. आधी हळू, मग भरधाव, मग धागा तुटल्यावर मध्येच थांबणारं. मी हातातलं काम ठेवते आणि जरा वेळ ऐकत बसते.

मला नटायला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. उभा जन्म शाळेत मास्तरीण म्हणून गेला, साधेपणावर मुलांना निबंध लिहायला लावले, पण स्वतः बिनइस्त्रीच्या साडीत एक दिवस वर्गावर गेले नाही. हे वेड मला ज्या बाईनं लावलं ती माझी वहिनी, शेवंता. ती अजून चिखलीत असते, ऐंशी कधीच ओलांडलीय आणि दसऱ्याला कुणी मळकट कपड्यात तिच्या दारात आलं तर त्याला आधी वरून खाली बघते, मग 'ये' म्हणते.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता आणि आम्हीही नवे नवे होतो. काही वर्षांपूर्वीच आमच्या वस्तीनं धम्म घेतला होता. भिंतीवरचे जुने देव उतरले होते, त्या जागी बाबासाहेबांची तसबीर आली होती. आमच्या घरातली दिवाळी सुटली होती, पण दिवाळीचा सीझन काही सुटला नव्हता. कारण चिखलीच्या निम्म्या बायकांची दिवाळीची झंपरं, म्हणजे आताची ब्लाउजं, आमच्याच दारात शिवली जायची. दाराशी उजेडाला मशीन, मशीनच्या तेलाचा वास, जमिनीवर चिंध्या, खडूची पूड. संध्याकाळी दादा जिनिंग कारखान्यावरून यायचा तो केसांत, भुवयांत, कानांत कापूस घेऊनच. वहिनी त्याला दारातच थांबवायची. "तिकडं झटका आंधी. माह्या काळ्या कापडावर बसन ते." दादा बिचारा अंगणात उभा राहून स्वतःला धोपटायचा.

वहिनी मलकापूरची. तिचे वडील रेल्वेत होते, आणि रेल्वेच्या वसाहतीत भरणाऱ्या शिवणवर्गात ती शिकली होती. लग्नात तिच्या बापानं भांडीकुंडी कमी दिली आणि मशीन दिलं. एस.टी.च्या टपावर बांधून ते मशीन चिखलीला आलं, तेव्हा नवरीपेक्षा त्यालाच बघायला जास्त लोक जमले होते म्हणतात. तिला कुणी शिंपीण म्हटलं की ती लगेच दुरुस्त करायची. "टेलर म्हना. शिंपी व्हायले त्या घरी जन्मा लागते. टेलर व्हायले मशीन लागते." आणि मशीन आहेच, असं म्हणून त्याच्या चाकावर हात ठेवायची.

काम मात्र तिच्याकडं आडवाटेनं यायचं. बाजारात एका शेठजींचं कापडाचं दुकान होतं. बायका तिथं कापड घ्यायच्या आणि सोबत मापाचं जुनं झंपर ठेवून जायच्या. शेठजी सगळं एका गाठोड्यात बांधून आमच्याकडं धाडायचे. शिवून झालं की गाठोडं परत. शिवणारी कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. वहिनीनं ज्यांच्यासाठी शिवलं त्यातल्या एकीचाही चेहरा पाहिला नव्हता. पण झंपरावरून तिला सगळ्या कळायच्या. एकीचा डावा खांदा उतरता, एकीची पाठ रुंद, एकीचं झंपर दर सालाला एक एक टाका उसवून वाढवायला लागणारं. बाजारात माझ्या दंडाला धरून ती हळूच म्हणायची, "ते पायजा, उतरता खांदा चालला." आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो.

आमच्या लोकांचं माप तर गावोगावचे शिंपी नुसत्या डोळ्यांनी घ्यायचे. लांबून बघायचं, मान हलवायची, झालं. त्यामुळं आमच्या पुरुषांचे सदरे एक तर गुडघ्याला लागायचे, नाहीतर बगलेत काचायचे. अंगाला टेप लागणं म्हणजे काय, हे आमच्या वस्तीत बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं. आणि गंमत म्हणजे वहिनीलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जुन्या झंपरावर नवं बेतायचं, हीच जगरहाटी आहे असं ती धरून चालली होती. तोवर.

तो दसरा मला माझ्या शरीरासकट आठवतो. मॅट्रिक पास होऊन मी बुलढाण्याच्या अध्यापक विद्यालयात लागले होते. निकालाच्या आनंदात उन्हाळाभर घरच्यांनी मला इतकं खाऊ घातलं की मी चांगली गुबगुबीत झाले होते. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. दसऱ्याला वस्तीतल्या सगळ्या बाया पांढरी पातळं नेसून विहाराच्या मैदानावर जमायच्या. वहिनीनं माझ्यासाठी पांढऱ्या पॉपलिनचं झंपर शिवलं. माप अर्थातच जुन्या झंपराचं. दसऱ्याच्या आदल्या दुपारी मी ते घालायला घेतलं आणि माझा दंड बाहीत अर्ध्यावर जाऊन अडकला. पुढंही जाईना, मागंही येईना. मी एक हात वर करून घरभर फिरतेय आणि वहिनी मागं मागं, असा प्रकार सुरू झाला.

"सुमनबाई, तुमी कधी इतक्या जाड झाल्या व?"

"तूच तर रोज भाकरीवर लोणी घालत होती!"

"मंग सांगाचं ना, झंपर बदललं नाई पन मी बदलली म्हनून!"

नवं कापड आणायला वेळ नव्हता. मी रडायच्या बेतात. वहिनी कमरेवर हात ठेवून माझ्या दंडाकडं बघत राहिली. मग तिनं कात्री उचलली आणि खांद्यापासून काठापर्यंत बाही मधोमध चिरली. विहारावर लावायचा नवा झेंडा तिनं त्याच आठवड्यात शिवला होता, त्याच्या निळ्या कापडाचा तुकडा उरला होता. त्याची एक पट्टी तिनं कापली, वर रुंद, खाली निमुळती. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं टेप माझ्या दंडाभोवती गुंडाळली. खांद्याखाली एकदा, मध्ये एकदा, कोपराच्या वर एकदा. दादा दारात उभा राहून बघत होता. त्याला ते कसंसंच वाटलं.

"झेंड्याचं कापड झंपराले लावून राह्यली?"

"झेंडा कुठी घेतेत?" वहिनीनं मान वर न करता विचारलं.

"खांद्यावर."

"मंग बाही कुठी असते?"

तशीच पट्टी तिनं दुसऱ्या बाहीसाठीही कापली. पट्टी बसली. खांद्याशी तिला बारीक चुण्या पडल्या, बाही जराशी फुगली आणि खाली दंडाला अलगद येऊन टेकली. मी हात वर केला, खाली केला, मागं नेला. काही काचेना. मी आरशात बघितलं. आरसा हातभरच होता, त्यामुळं एका वेळी एकच बाही दिसत होती. दोन्ही बघून झाल्या तरी माझं बघणं संपेना. वहिनीनंच मला ओढून बाजूला केलं आणि टेप हातात धरून म्हणाली, "शेकड्यानं झंपरं शिवली म्या, पन अंगावर माप घेतलेलं हे पह्यलं. आता पुन्हा झंपरावर झंपर नाई बेतनार."

दुसऱ्या दिवशी मैदानावर पांढऱ्या पातळांच्या रांगांत माझ्या दोन निळ्या बाह्या. वंदना चालू असताना मागच्या बायांचं लक्ष माझ्या खांद्यांकडं होतं, हे मला पाठीनं कळत होतं. वंदना संपली तशी एकीनं बाही चिमटीत धरली, दुसरीनं चुण्या मोजल्या, तिसरीनं वहिनीला तिथंच गाठलं. आनंद पोटात मावत नाही म्हणतात, तो मी त्या दिवशी बाहीत मावताना पाहिला. ऊन होतं, धूळ होती, कुणाचं तरी पोरगं रडत होतं आणि मी हवेतून चालत होते.

मग ती बाही एस.टी.त चढली. चिखलीहून बुलढाण्याला रोज सकाळची गाडी, आम्ही पाचसहा मुली. वरचा दांडा धरला की बाही सगळ्या गाडीला दिसायची, त्यामुळं जागा रिकामी असली तरी मी उभीच राहायचे. माझ्या वर्गातली कुसुम, मोठी शेतीवाडी असलेल्या घरातली, दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं तोंड उघडलं.

"कोनाकडून शिवलं व हे?"

"आमच्या वहिनीकडून."

"मले अशीच पाह्यजे दिवाळीले. तुळशीच्या लग्नानंतर माहं लग्न हाये."

विद्यालयात एकीनं विचारलं, मग दुसरीनं. आठवड्याभरात शेठजींच्या दुकानातून गाठोडं आलं, ते नेहमीच्या दुप्पट. प्रत्येक जुन्या झंपराला निरोप एकच, निळ्या पट्टीची बाही पाहिजे. वहिनीनं गाठोडं सोडलं, एक एक झंपर उचलून बघितलं, पुन्हा घडी घातली, गाठोडं बांधलं आणि स्वतःच डोक्यावर घेऊन दुकानात गेली. मी सोबत होते.

"शेठजी, हे बाही झंपरावरून नाई होत. दंड मोजा लागते. ज्या बाईले पाह्यजे तिनं स्वतः यावं, मी अंगावर माप घेईन."

शेठजी वाईट माणूस नव्हते. पण ते दचकले. "अगं शेवंता, भल्या घरच्या बाया हायेत. त्या तुह्याकडं कायले येतीन? तू अंदाजानं शिव ना. आजलोक शिवतच होती."

"चुकीचं शिवत होती."

"हे पाय, सीझनचे दिवस हायेत. तू नाई शिवलं तर मले दुसरा पाहा लागन. आन् एकदा काम दुसरीकडं गेलं की मंग येत नाई."

"जाऊ द्या," वहिनी म्हणाली. दुकानाच्या ओट्यावरून उतरताना मात्र तिनं एकदा मागं वळून त्या ओट्याकडं पाहिलं. तिथं आपलं मशीन लावायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं बसायचं, हे तिच्या मनात लग्न होऊन आली तेव्हापासून होतं. मला ते माहीत होतं. दादालाही माहीत होतं.

घरी गाठोडी यायची बंद झाली. ऐन सीझनमध्ये मशीन गप्प. बाहेर कापूस फुटलेला, बाजार फुललेला, जिनिंगचे भोंगे वाजतायत आणि आमच्या दारात शुकशुकाट. वस्तीतल्या बायांची चार झंपरं होती ती शिवून झाली. दादा जेवताना म्हणायचा, "गाठोडं घेऊन पाय ना यंदाच्या पुरतं." वहिनी भाकरी वाढत राहायची. मला भीती वाटायची ती काम जाण्याची होतीच, पण त्याहून जास्त भीती होती ती वहिनी नमण्याची. ती रोज सकाळी धुतलेलं, कडक पातळ नेसायची, वेणी घालायची, गळ्यात टेप अडकवायची आणि रिकाम्या मशीनपाशी बसायची. पाहुणे यायचे असल्यासारखी. मी गाडीला निघताना विचारायचे, "बाही नीट हाये ना माही?" आणि ती उठून माझ्या चुण्या सारख्या करायची.

बाजारात दुसऱ्या एका शिंप्यानं ती बाही शिवायला घेतली. बघून बघून शिवली. घट्ट बाहीवर वरूनच निळी पट्टी टाचली, लांबून तशीच दिसायची. कुसुमच्या आईनं लेकीला तीच शिवून आणली. सोमवारी कुसुम ऐटीत गाडीत चढली, माझ्याकडं बघून हसली, घाटापाशी गाडीनं गचका दिला, तिनं दांडा धरायला हात वर केला आणि टर्रकन आवाज आला. कंडक्टरनं मान वळवली, मागच्या बाकावरच्या आजीबाई 'काय फाटलं व माय' म्हणून उठल्या. कुसुम दुसऱ्या हातानं बगल दाबून धरत खाली बसली. मी माझी शाल तिच्या खांद्यावर टाकली. ती रडतेय असं मला वाटलं, पण ती हसत होती. हसता हसता म्हणाली, "माह्या मायले मीच घेऊन येते आज. तुह्या वहिनीले घरीच राहाले सांग."

आणि ती खरंच आली. संध्याकाळचं ऊन दारातून आत आलं होतं, अंगणात कुसुम आणि तिच्या मागं तिची आई. आई कशी, तर दात काढायला आणलेल्या माणसासारखी. नाकासमोर बघत, पदर दोन्ही हातांनी सावरून. वस्तीतल्या दारादारांतून डोकी बाहेर आली होती. वहिनीनं सतरंजी झटकून टाकली. आई बसली नाही. कुसुम आत येऊन सरळ हात पसरून उभी राहिली.

वहिनीनं तिचं माप घेतलं. गळा, पाठ, खांदा, दंड तीन जागी. सावकाश, घाई न करता. आई कोपऱ्यातून डोळ्यांत तेल घालून बघत होती. कुसुमनं विचारलं, "परकराच्या घोळालेबी अशीच निळी पट्टी लावशीन का?"

"नाई. निळं माह्याकडं कमरेखाली जात नाई."

"काऊन?" हे आईनं विचारलं. तिचा पहिला शब्द.

"आमच्या झेंड्याचा रंग हाये तो, काकू. खांद्यापाशीच शोभते." वहिनीनं हे जराही आवाज न चढवता आणि जराही न दबता सांगितलं. "तुमाले दुसरा रंग पाह्यजे असन तर तो लावतो. डाळिंबी लावतो, हिरवा लावतो."

आई लेकीकडं बघत राहिली. कुसुम म्हणाली, "मले निळीच पाह्यजे." आई म्हणाली, "मंग बाहीवरच लाव." आणि विषय संपला. वहिनी टेप गळ्यात अडकवणार, इतक्यात आई एक पाऊल पुढं आली, दाराकडं एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "माहंबी घेऊन पाय बरं. एवढी आलीच हावो तर."

तिनं हात पुढं केला. हातात चुडा, दंड गोरा आणि चांगला भरलेला. वहिनीनं टेप दंडाखालून नेली, वर आणली आणि तिची बोटं बगलेजवळ टेकली मात्र, आई उडालीच.

"आई ग! गुदगुल्या होऊन राह्यल्या ना व बाई!"

वहिनीनं हात मागं घेतला. पुन्हा टेप लावली. आई पुन्हा अंग चोरून खिदळली. लग्नाची लेक असलेली, घरात गडीमाणसं जिच्यापुढं मान वर करत नाहीत अशी बाई, चिमुरड्या पोरीसारखी हसायला लागली. तिसऱ्या वेळी टेप नुसती दिसली तरी हसायला लागली. कुसुम हसली, मी हसले, अंगणातली डोकी हसली. हसता हसता आईला जोरात ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तिनं हातानंच खूण केली, पाणी. वहिनीनं माठातला गडू भरून दिला. आईनं तो घटाघटा पिऊन टाकला.

पाणी आमच्या माठातलं होतं. गडू तिच्या हातात होता. तिला कळलं, वहिनीला कळलं, दारातल्या सगळ्यांना कळलं. आईनं गडूकडं पाहिलं, वहिनीकडं पाहिलं. गडू खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि दुसरा हात वर केला.

"आता हा दंड घे. पन हळू."

त्यानंतर आमच्या दारात जी रीघ लागली ती दिवाळीच्या पहाटेपर्यंत. एक आली की तिच्या मागं दुसरी. कुणी कुसुमच्या आईचं नाव सांगून यायची, कुणी कुणाला दिसायला नको म्हणून मागल्या गल्लीनं यायची. काही जणी घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेत असतील. घेवोत बापड्या. बाही तर मिरवत होत्या! उतरत्या खांद्याची बाई आली तेव्हा वहिनीनं तिला असं ओळखलं की ती चाटच पडली. मी बटणं लावायचे, दादा जिनिंगवरून येऊन मशीनला तेल घालायचा आणि अंग झटकायला विसरायचा. त्याला ओरडायलाही वहिनीला फुरसत नव्हती.

शेठजी दिवाळीच्या तोंडावर स्वतः आले. म्हणाले, "शेवंता, बाया दुकानात कापड कमी घेऊन राह्यल्या आन् तुहा पत्ताच जास्त पुसून राह्यल्या. आता मशीन माह्या ओट्यावरच लाव ना बाई." वहिनीनं दोन गोष्टी मागितल्या. मापासाठी आतल्या बाजूला पडदा, आणि आरसा. हातभर नाही, डोक्यापासून पायापर्यंत. आरसा हातगाडीवरून आला तेव्हा वहिनी त्याच्या सोबत चालत होती. रस्त्यावरची घरं, आभाळ, माणसं त्यात हलत येत होती. पडद्याआड तो उभा केल्यावर वहिनी पहिल्यांदा त्याच्यासमोर एकटी उभी राहिली. बाहेरून मी हाका मारत होते, ती येतच नव्हती. मग आली ती इतकी हसरी आली की मला वाटलं आतून दुसरीच कुणी आली.

भाऊबिजेच्या बाजारात मी आणि ती हिंडलो. जिकडं बघावं तिकडं बाही. निळी, डाळिंबी, हिरवी, पिवळी. आमच्या वस्तीतल्या बाया आणि त्या मोठ्या घरच्या बाया एकाच भाजीवालीपुढं बसल्या होत्या, आणि पाठीमागून बघणाऱ्याला कोण कुठली हे ओळखू येत नव्हतं. मला तर ते बघून नाचावंसं वाटलं. वहिनी मात्र कुणाच्या चुण्या सरळ बसल्यात हे बघत चालली होती. घरी आल्यावर तिचं एकच चालू होतं. "पन अशी कशी व ती काकू? टेपनं काय गुदगुल्या होतेत?" पुढं आयुष्यभर ती हे विचारत राहिली. कुसुमची आई दर सीझनला यायची, दर सीझनला तशीच खिदळायची आणि वहिनी कपाळाला हात लावायची.

परवाच्या दसऱ्याला मी चिखलीला गेले तर वहिनीची नात संघमित्रा आलेली. आम्ही तिला मित्रा म्हणतो. मुंबईत कपड्यांचं डिझाइन शिकते. कॉलेजात तिला विषय मिळालाय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय डिझायनरांचा. आम्हा दोघी म्हाताऱ्यांच्या मध्ये लॅपटॉप ठेवून ती दाखवत होती. मालकिणींचे झगे शिवणाऱ्या गुलाम बाया, ज्यांचं नाव त्या झग्याबरोबर कुणी घेतलं नाही. मागच्या दारानं आत जाऊन मोठमोठ्या लग्नांचे पोशाख देणाऱ्या शिवणकरणी. मग गल्लीतल्या पोरांनी गाण्याबरोबर आणलेले ढगळ, भडक कपडे, ज्यांना आधी हसले आणि मग जगभरच्या दुकानांनी उचललं. आणि आता स्वतःच्या नावाची पाटी लावून, आपल्या आज्यांच्या देशाचे रंग, आपल्या केसांची ठेवण, आपल्या अंगाचा डौल घेऊन जगाला नटायला शिकवणारी माणसं.

वहिनीनं चष्मा पुसला आणि स्क्रीनजवळ गेली. एका काळ्याभोर मुलीनं मोहरीच्या फुलासारखा पिवळा झगा घातला होता, बाह्या खांद्यावर उमललेल्या. वहिनीनं काचेवरच बोट ठेवून शिवण चाचपली.

"कोन शिवलं हे?"

मित्रानं एका बाईचा फोटो दाखवला. रंगानं मुलीसारखीच काळीभोर, गळ्यात टेप.

"हिनं अंगावर माप घेतलं असन," वहिनी म्हणाली. "त्याशिवाय बाही अशी नाई बसत. हिले म्हनाव, लय झ्याक."

कुठली ती बाई, कुठली ही. एकमेकींची भाषा कळायची नाही, गाव ठाऊक नाही. पण ज्याला जग हात लावायला तयार नाही, त्यानंच शिवलेलं जग अंगावर मिरवतं, हे दोघींनाही शिकवावं लागलं नसतं. लोक म्हणतात फॅशन वरून खाली झिरपते. मी माझ्या डोळ्यांनी ती उलटी जाताना पाहिली. ती आमच्या दारातून निघाली, एस.टी.त बसली आणि मोठ्या घरांच्या कपाटांत जाऊन राहिली. आणि ती जाताना आम्हाला इतकी मजा आली, की त्या मजेचं ऋण म्हणून तरी मी रोज साडीला इस्त्री करते.

मित्राच्या कॉलेजात वर्षाअखेरीला शो आहे. ती निळ्या पट्टीची बाही करणार आहे, पाटीवर आजीचं नाव लिहिणार आहे आणि आजीला पहिल्या रांगेत बसवणार आहे, त्याच बाहीचं ब्लाउज घालून. "आजी, तुहं मापाचं ब्लाउज दे," ती म्हणाली. वहिनीनं तिच्याकडं असं पाहिलं की पोरगी वरमली, मग तिनं पिशवीतून टेप काढली आणि म्हणाली, "बरं, उभी राय."

वहिनी उभी राहिली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. साऱ्या तालुक्याचे दंड मोजणाऱ्या या बाईनं स्वतःचं झंपर मात्र जन्मभर जुन्यावरूनच बेतलं होतं. तिच्या अंगाला टेप लावायला कधी कुणी आलंच नव्हतं.

तिनं हात पसरला. दंडाची कातडी आता सैल, सुरकुतलेली. मित्रानं टेप खालून नेली, वर आणली, बोटं बगलेपाशी टेकली. वहिनीचे डोळे मोठे झाले. अंग आक्रसलं. आणि मग ती जी खिदळायला लागली, ती दातांची कवळी सावरत, माझ्या खांद्याचा आधार घेत, डोळ्यांतून पाणी गाळत खिदळतच राहिली.

"सुमनबाई! ती काकू खरं बोलत होती व! सोड व मित्रा, सोड माय, गुदगुल्या होऊन राह्यल्या!"

मित्राही हसत होती, पण टेप तिनं सोडली नाही.